ओजसच्या आईचं नाव

दिघेवहिनींचं नाव मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते माहीत करून घ्यावं असं कधी वाटलंही नाही. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मी १९९६च्या एप्रिलमध्ये भाड्याने घेतली. विद्यापीठ बसने दहा मिनिटांवर, स्वयंपाकघर वापरायची मुभा आणि घरात मराठी बोलणारी माणसं, एवढ्यावर मी खूश होतो. मी तेव्हा प्लास्टिकवर संशोधन करत होतो. म्हणजे दिवसभर काहीतरी वितळवायचं आणि ते हवं तसं का वितळलं नाही याचा विचार करत संध्याकाळी घरी यायचं. अशा माणसाला घरमालकिणीचं नाव कशाला लागतं? मी 'वहिनी' म्हणायचो. त्यांचे यजमान प्रतापराव 'मधू' म्हणायचे. पाच वर्षांची तन्वी 'मम्मी' म्हणायची आणि खालच्या मजल्यावरची चिनी म्हातारी 'मिसेस प्रताप' म्हणायची. सगळ्यांचं काम भागत होतं.

वहिनी मूळच्या मिरजेच्या, लग्नाआधी तिथल्या एका रुग्णालयात नर्स होत्या. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली होती, पण अंगातली नर्स काही गेली नव्हती. पलंगावरच्या चादरीचे कोपरे त्या असे दुमडायच्या की रात्री पाय आत घालायला जोर लावावा लागे. मला एकदा ताप आला तर खोलीच्या दारावर तक्ता चिकटवला आणि दर चार तासांनी त्यात टिंबं भरली. आलेल्या पाहुण्याला चहा देताना "पोट साफ होतं ना?" हे त्या इतक्या सहज विचारायच्या की बिचारा खरं उत्तर देऊन मोकळा व्हायचा. घरातली महत्त्वाची कागदपत्रं एक्स-रेच्या मोठ्या खाकी पाकिटात असत. ते पाकीट कपाटावर आडवं ठेवलेलं असे आणि त्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता.

प्रतापराव मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर. चार महिने समुद्रावर, दोन महिने घरी. माणूस कष्टाळू आणि दिलदार, पण प्रत्येक अडचण पान्याने घट्ट करता येते अशी त्यांची समजूत. १९९० साली त्यांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं. वहिनींनीही अर्ज करावा असं ठरलं होतं. वहिनी "बघू नंतर" म्हणाल्या आणि ते नंतर काही आलंच नाही. त्या भारतीयच राहिल्या.

१९९७च्या फेब्रुवारीत त्यांना मुलगा झाला. बारशाला त्याचं नाव ओजस ठेवलं. नशिबाने तेव्हा प्रतापराव रजेवर घरीच होते. जन्माची नोंद वगैरे धावपळ त्यांनीच केली, बाळ तीन आठवड्यांचं झालं आणि ते पुन्हा जहाजावर गेले.

एप्रिलमध्ये एके दिवशी वहिनींनी मला विचारलं, "संजीवभावजी, उद्या सकाळी माझ्याबरोबर वकिलातीत याल का? बाळ, पिशवी आणि फॉर्म, तिन्ही एका वेळी मला सांभाळता यायची नाहीत." रांगेत उभं राहायचं म्हटलं की माझं डोकं तापतं. पण ज्या बाईने आपल्या तापाचा तक्ता भरलाय तिला नाही कसं म्हणणार?

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्यांनी काम काय ते सांगितलं. ओजस वडिलांमुळे जन्मतःच सिंगापूरचा नागरिक होता. त्यांना त्याची भारतीय म्हणूनही नोंद करायची होती. मोठा झाला की दोन्हींतलं एकच ठेवता येईल, पण तोवर दोन्ही असतील. मी म्हटलं, "मग तन्वीचंही करून टाका की."

"तिचं होत नाही. ती एक्क्याण्णवची," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा मी विचारायला गेले होते. ते म्हणाले, परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व वडिलांकडून मिळतं, आणि वडील तर आता भारतीय नाहीत. मी म्हटलं, पण मी आहे ना? ते म्हणाले, आईचं धरत नाहीत. कायदाच तसा होता, ते तरी काय करणार? फॉर्म घेऊन परत आले. ब्याण्णवच्या डिसेंबरात कायदा बदलला. आता आईकडूनही मिळतं." हे सांगताना त्यांनी बाळाचं टोपडं तीन वेळा सारखं केलं.

पाकिटात तो सहा वर्षांपूर्वीचा कोरा फॉर्मही होता. मी विचारलं, हा कशाला आणलात? म्हणाल्या, राहू दे.

खिडकीमागे चष्मा लावलेले एक वयस्कर उत्तर भारतीय गृहस्थ होते. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले, मग पुन्हा वाचले आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, ये रश्मी हसबनीस कौन हैं?"

"मैं," वहिनी म्हणाल्या.

"और ये मधुवंती दिघे?"

"वो भी मैं."

त्यांनी पासपोर्ट आणि बाळाचा जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवला. पासपोर्टवर रश्मी कमलाकर हसबनीस. दाखल्यावर आईचं नाव मधुवंती प्रताप दिघे. लग्नाच्या दाखल्यावरही मधुवंतीच. "कागज पर तो ये दो औरतें हैं, मॅडम," ते जरा दिलगिरीनेच म्हणाले. नागरिकत्व आईकडून द्यायचं तर आई भारतीय असल्याचा कागद हवा. दाखल्यावरची आई मधुवंती दिघे, आणि त्या नावाचा भारतीय पासपोर्टच अस्तित्वात नाही. ज्या रश्मी हसबनीस यांच्याकडे पासपोर्ट आहे, त्यांचा कागदोपत्री या बाळाशी काही संबंध नाही.

माझा पारा चढला. संबंध नाही म्हणजे काय, बाळ कुणाच्या कडेवर आहे ते दिसत नाही का, असलं बरंच काही मी इंग्रजीत बोलायला लागलो. वहिनींनी माझं कोपर धरलं. "त्यांचं बरोबर आहे, भावजी," त्या म्हणाल्या.

चूक प्रतापरावांची होती. आता तिला चूक तरी कसं म्हणायचं? नोंदणीचा फॉर्म भरताना त्यांनी लग्नाचा दाखला समोर ठेवला आणि त्याच्यावरून बायकोचं नाव लिहिलं. सही करण्यापूर्वी तपासून बघा म्हणून मसुदा त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी तो वाचला आणि सगळं बरोबर आहे म्हणून सही ठोकली. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

खिडकीमागच्या गृहस्थांनी दोन रस्ते सांगितले. पहिला सोपा. लग्नाचा दाखला जोडून पासपोर्टवर मधुवंती दिघे हे नाव करून घ्यायचं, तीन-चार आठवड्यांत काम होईल, मग बाळाच्या नोंदीला काहीच अडचण नाही. दुसरा रस्ता लांबचा. इथल्या जन्मनोंदणी कचेरीतून दाखला दुरुस्त करून आणायचा. त्याला आईवडील दोघांचं शपथपत्र लागेल, आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा जुना कागद. बाळ वर्षाचं व्हायच्या आत नोंद झालेली बरी, नंतर भानगडी वाढतात.

"सोपं आहे की मग, वहिनी," मी म्हटलं. "टाका पासपोर्ट बदलून."

त्यांनी कागद एकेक करून पाकिटात भरले. "नको," एवढंच म्हणाल्या.

बसथांब्यावर बाळ रडायला लागलं म्हणून आम्ही बाकावर बसलो. पदराआड त्याला पाजताना त्या समोरच्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. शहाऐंशी साली त्यांना मस्कतच्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी मिळायची होती. त्यासाठी त्यांनी स्वतः खेटे घालून पासपोर्ट काढला. त्यांच्या घराण्यात पासपोर्ट काढणारी पहिली व्यक्ती त्याच. मग प्रतापरावांचं स्थळ आलं. बोटीवरचा इंजिनियर, देखणा, हुंडा नको म्हणणारा. लग्न झालं, मस्कत राहिलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं. सासूबाईंना गाण्याची आवड, म्हणून मधुवंती. सगळ्यांना पेढे वाटले. "ते नाव काय आहे हे मला सगळ्यांच्या बरोबरच कळलं," वहिनी म्हणाल्या. "नाव सुंदर आहे हो. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही म्हटलं असतं, काय सुंदर नाव आहे."

पासपोर्टचं नूतनीकरण दोनदा झालं. दोन्ही वेळा प्रतापराव समुद्रावर होते आणि दोन्ही वेळा वहिनींनी फॉर्मवर जुनंच नाव लिहिलं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"पण ओजसची नोंद तर तुम्हालाच हवीय ना?" मी म्हटलं. "एका नावापायी अडवून काय धरायचं?" आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. पण तेव्हा मी ते चांगल्या बुद्धीने बोललो होतो.

"भावजी, या पोराला आडनाव त्यांचं, मधलं नाव त्यांचं, देश त्यांचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढी एक गोष्ट अशी आहे की ती कायद्याने माझ्याकडून त्याच्याकडे जाते. तन्वीला ती देता आली नाही. आता देता येतेय, तर मी माझं नाव पुसून ती देऊ? मग दिली कुणी?" त्यांनी पोराला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत ढेकर काढायला लागल्या.

पुढचे तीन महिने घरात हा एकच विषय. प्रतापरावांचा फुजैरा बंदरातून फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येत होता. "मधू, अगं एका फॉर्मचं काम! पासपोर्ट बदल आणि मोकळी हो. सगळं जग तुला याच नावाने ओळखतं!"

"जगाला ते कुणी सांगितलं?" वहिनींनी विचारलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हौगांगहून शैलाताई आल्या. त्यांचेही यजमान बोटीवरच, त्यामुळे सगळ्या बोटीवाल्यांच्या बायकांची मोठी जाऊ असल्याच्या थाटात त्या वागत. "माझं नाही का बदललं?" त्या म्हणाल्या. "माहेरची मी प्रेमा. सासरी आधीच एक प्रेमा होती, म्हणून शैला झाले. काय बिघडलं माझं?" वहिनींनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "शेवटचं कुणी प्रेमा म्हणून हाक मारली होती, ताई?" शैलाताईंनी जरा आठवून बघितलं. मग कप खाली ठेवला आणि बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

तन्वीला ही सगळी भानगड नवीनच होती. "मम्मीला नेम आहे?" तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत मला विचारलं. "व्हाय? मम्मी इज मम्मी, लाह."

जुलैत प्रतापराव घरी आले. पोराला उचललं, नाचवलं, पोरगं अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरतंय म्हणून हिरमुसले, आणि जेवणं झाल्यावर मुद्द्यावर आले. "उद्या जाऊ आणि पासपोर्टचा फॉर्म भरू. मी बरोबर येतो." वहिनी म्हणाल्या, फॉर्म भरायचा तर दाखला दुरुस्तीचा भरू. प्रतापराव म्हणाले, "त्याला पुरावा लागतो. कुठून आणणार आहेस?" वहिनी ओजसला झोपवायला आत गेल्या आणि जाताना पाकिटाकडे बोट दाखवून गेल्या. "त्यात बघा."

दहा वर्षांत प्रतापरावांनी ते पाकीट उघडलं नव्हतं. टेबलावर त्यांनी एकेक कागद काढून ठेवला. मी समोर बसून जेवणानंतरचं केळं खात होतो, उठून जावं की नाही ते कळत नव्हतं. नर्सिंगचं प्रमाणपत्र निघालं. कोरा फॉर्म निघाला. मग त्यांची स्वतःची लग्नपत्रिका निघाली, गणपती छापलेली, हळदकुंकवाची बोटं लागलेली. आपल्याकडच्या पत्रिकेत नवरीचं माहेरचं नाव असतं. चि. सौ. कां. रश्मी, कमलाकर हसबनीस यांची ज्येष्ठ कन्या, आणि चि. प्रताप. तारीख २४ मे १९८७. लग्नाच्या दाखल्यावरही तीच तारीख, तोच प्रताप, फक्त शेजारी मधुवंती. "अरे, हाच की पुरावा!" प्रतापराव ओरडले. एखादं बंद पडलेलं यंत्र सुरू झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

पत्रिकेच्या आत एक घडी घातलेलं पत्र होतं. इंग्रजीत, मस्कतच्या रुग्णालयाचं. मिस रश्मी हसबनीस यांनी १५ जून १९८७ रोजी स्टाफ नर्स म्हणून रुजू व्हावं.

प्रतापरावांनी ते वाचलं. पत्रिकेवरची तारीख बघितली आणि पुन्हा पत्र वाचलं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा ते तसेच हातात पत्र धरून बसले होते.

"नोकरी मिळाली होती तुला?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं नुसता अर्ज केला होतास."

"तुम्ही विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच असेल, पण मला तिथे बसवेना. मी केळ्याचं साल उचललं आणि स्वयंपाकघरात गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच जन्मनोंदणीच्या कचेरीत गेलो. पत्रिकेचं भाषांतर करायला माझी नेमणूक झाली होती. चष्म्याची साखळी गळ्यात घातलेल्या एक चिनी बाई, मिस टॅन, पत्रिका उलटसुलट करून बघत होत्या. मी 'चि. सौ. कां.' पासून सुरुवात केली. ही मुलगी चिरंजीव असावी, सौभाग्याची इच्छा करणारी आहे, असं काहीबाही सांगताना मलाच घाम फुटला. मिस टॅननी हात वर केला. "वा, सो लाँग! नेम ओन्ली, कॅन." म्हणजे नुसतं नाव सांगा, तेवढं पुरे. नाव आणि तारीख त्यांनी लिहून घेतली. एका बाईला दोन नावं का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या आईला तीन होती, त्या म्हणाल्या, एक घरचं, एक शाळेतलं, एक कागदावरचं. नव्या दाखल्यावर एक नाव आणि पुढे 'ऊर्फ' म्हणून दुसरं टाकता येईल.

"विच वन फर्स्ट?" त्यांनी प्रतापरावांना विचारलं.

मी वहिनींकडे बघितलं. त्या प्रतापरावांकडे बघत होत्या. प्रतापरावांनी पुढे वाकून वहिनींच्या पासपोर्टवरच्या नावावर बोट ठेवलं. मग शपथपत्रावर दोघांच्या सह्या झाल्या.

दुरुस्त दाखला यायला ऑगस्ट उजाडला. तो घेऊन वहिनी पुन्हा वकिलातीत गेल्या, त्याच चष्मेवाल्या गृहस्थांनी कागद घेतले, दोनदा वाचले आणि या वेळी हसले. ओजसची नोंद झाली आणि त्याचा भारतीय पासपोर्ट घ्यायला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावलं. प्रतापरावांचं जहाज त्यानंतर तीन दिवसांनी सुटणार होतं. मला त्या दिवशी काही काम नव्हतं असं नाही, पण मी गेलो. एवढा घोळ शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

दालनात पन्नासएक माणसं होती. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो, मी, प्रतापराव आणि मांडीवर ओजसला घेतलेल्या वहिनी. पोरगं सात महिन्यांचं झालं होतं आणि पायातला मोजा काढून फेकण्याच्या उद्योगात होतं. वहिनी तो पुन्हा पुन्हा घालत होत्या.

"रश्मी हसबनीस!" खिडकीतून हाक आली.

कुणी उठलं नाही. वहिनींनी मोजा उचलला, झटकला आणि पायात घालायला लागल्या.

"रश्मी हसबनीस!"

आता लोक इकडेतिकडे बघायला लागले. वहिनींनीही मान वर केली आणि ही रश्मी कोण आहे, उठत का नाही, अशा नजरेने दालनभर बघितलं. चार महिने त्या ज्या नावासाठी सगळ्यांशी भांडल्या, ते कानावर पडलं आणि त्यांना ते आपलं वाटलंच नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोलणार काय? 'वहिनी' याखेरीज त्यांना दुसरी हाक मारायचं मला ठाऊक नव्हतं.

प्रतापरावांनी वहिनींच्या खांद्याला हात लावला.

"रश्मी," ते म्हणाले. मग त्यांनी जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं, "रश्मी, तुला बोलावतायत."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. हातातला मोजा तसाच राहिला. मग माहेरी परसातून आईने हाक मारावी आणि पोरीने घरातून उत्तर द्यावं, तशा त्या म्हणाल्या, "ओ."